पाडव्याची तिथी स्वतः काढा: सूर्यसिद्धांताचं गणित पायरीपायरीने

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ३० मार्च २०२५ च्या चौकोनात गुढीपाडवा छापलेला होता. शके १९४७ चा पहिला दिवस. त्या दिवशी सूर्योदयाला चैत्र शुद्ध प्रतिपदा होती, म्हणून पाडवा. पण प्रतिपदा होती हे कशावरून? त्या पहाटे चंद्र सूर्याच्या इतका जवळ होता की डोळ्यांनी दिसणं शक्य नव्हतं. हे गणितानेच कळतं, आणि ते गणित आपल्याकडे दीड हजार वर्षं चालत आलेलं आहे.

या लेखात तेच गणित तुमच्याकडून करून घ्यायचं आहे. लागतं काय, तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य ही नावं आपण अभिमानाने घेतो, पण त्यांच्या रीतीने सोडवलेलं एकही उदाहरण आपल्या वहीत नसतं. मला ही गोष्ट मनापासून खटकते. एक तिथी स्वतः काढली की या माणसांनी नेमकं काय केलं ते हाताला कळतं, आणि ते कुठे कमी पडले तेही कळतं. दोन्ही कळणं महत्त्वाचं.

चौकटीची वही घ्या, पेन्सिल, खोडरबर. मोबाईल आडवा धरला की त्यातला कॅल्क्युलेटर जास्त आकडे दाखवतो, तो पुरतो. पहिल्या वेळी दोन तास हाताशी ठेवा.

आधी आकडे कुणाचे घ्यायचे ते ठरवा

भारतीय ज्योतिषगणिताचा सगळ्यात जुना ग्रंथ म्हणजे लगधाचं वेदांग ज्योतिष. त्यात पाच वर्षांचं युग, त्याचे १८३० दिवस आणि त्यात ६२ चांद्रमास. भागाकार केला तर महिना २९.५१६ दिवसांचा येतो. खरा सरासरी महिना २९.५३१ दिवसांचा. म्हणजे एका युगात जवळजवळ एक दिवसाची चूक. यज्ञाचा काळ ठरवायला ते चाललं, पण त्यावर ग्रहण सांगता येत नाही.

खरं गणित दिसतं ते आर्यभटापासून. जन्म इ.स. ४७६, आणि ४९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी तो आपला काळ नोंदवतो. ४३,२०,००० वर्षांचं महायुग घ्यायचं आणि तेवढ्यात सूर्य, चंद्र, प्रत्येक ग्रह किती पूर्ण फेऱ्या मारतो ते पूर्णांकात सांगायचं, ही मांडणी त्याने वापरली. या फेऱ्यांना भगण म्हणतात. युग एवढं मोठं का, असा प्रश्न पडतो. उत्तर व्यवहारी आहे: दशांश अपूर्णांक हाताशी नसताना सूक्ष्म गती सांगायची तर छेद प्रचंड घ्यावा लागतो. महायुग हा तो छेद.

पुढे वराहमिहिराने शके ४२७ हा आरंभ धरून पाच जुने सिद्धांत एकत्र मांडले. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली भिल्लमाल, म्हणजे आजचं राजस्थानातलं भिनमाळ, इथे आपला सिद्धांत लिहिला. सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धांतशिरोमणी पुरा केला. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. त्याचा शिलालेख तिथे सापडला आहे आणि तो भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला.

ग्रंथांचे तीन प्रकार लक्षात ठेवा. कल्पाच्या किंवा सृष्टीच्या आरंभापासून दिवस मोजतो तो सिद्धांत. युगाच्या आरंभापासून मोजतो ते तंत्र. जवळची एखादी तारीख धरून गुणाकार लहान करतो ते करण. पंचांग करणारा माणूस रोजच्या कामाला करणग्रंथच वापरायचा. आपण सूर्यसिद्धांताचे आकडे घेऊ, कारण शतकानुशतकं पंचांगांचा आधार तोच होता. दिवस मात्र सृष्टीपासून न मोजता कलियुगापासून मोजू. फळ तेच येतं.

वहीच्या पहिल्या पानावर हे उतरवून घ्या. एका महायुगात:

सौर वर्षं (सूर्याचे भगण): ४३,२०,०००
चंद्राचे भगण: ५,७७,५३,३३६
चंद्रोच्चाचे (चंद्राच्या कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू) भगण: ४,८८,२०३
सौर मास: ५,१८,४०,०००
अधिक मास: १५,९३,३३६
तिथी: १,६०,३०,००,०८०
क्षयतिथी: २,५०,८२,२५२
सावन दिवस, म्हणजे आपले नेहमीचे दिवस: १,५७,७९,१७,८२८

शेवटचा आकडा मूळ ग्रंथात श्लोकात कसा बसवलाय ते एकदा जवळून बघाच: वसुद्व्यष्टाद्रिरूपाङ्कसप्ताद्रितिथयः. वसू आठ, द्वि दोन, अष्ट आठ, अद्री म्हणजे पर्वत सात, रूप एक, अंक नऊ, सप्त सात, पुन्हा अद्री सात, आणि तिथी पंधरा. एककापासून डावीकडे मांडत जा: ८, २, ८, ७, १, ९, ७, ७, १५. झाले १५७७९१७८२८. याला भूतसंख्या म्हणतात. नुसते अंक लिहिले तर नक्कल करणाऱ्याच्या हातून एखादा बदलला तरी कळत नाही. शब्द बदलला तर वृत्त मोडतं आणि चूक लगेच कानाला लागते. दहा आकडी संख्या हजार वर्षं तोंडपाठ टिकवण्याची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

पायरी १: अहर्गण

अहर्गण म्हणजे आरंभापासून गेलेल्या दिवसांची मोजणी. सगळं गणित यावर उभं आहे. हा चुकला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे घाई करू नका.

आरंभ धरायचा कलियुगाचा: इ.स.पू. ३१०२, १७ आणि १८ फेब्रुवारीच्या मधली मध्यरात्र, उज्जैनच्या रेखावृत्तावर. त्या क्षणी सगळे मध्यम (सरासरी गतीने चालणारे) ग्रह मेषारंभी, म्हणजे शून्य अंशावर होते असं सूर्यसिद्धांत मानतो. हा गणिताच्या सोयीसाठी धरलेला बिंदू आहे.

आता आपला दिवस, चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९४७.

शकात ३१७९ मिळवले की कलियुगाची गेलेली वर्षं मिळतात: १९४७ + ३१७९ = ५१२६. महाराष्ट्रात शकाचा जो आकडा आपण लिहितो तो गेलेल्या वर्षांचाच असतो, म्हणून एक कमी करायचा नाही. मी पहिल्यांदा इथेच अडकलो होतो. एक वजा केला आणि शेवटी तारीख भलत्याच वर्षातली आली.

वर्षांचे महिने करा: ५१२६ × १२ = ६१,५१२. चैत्रातच आहोत, म्हणून चैत्रानंतर गेलेले महिने शून्य.

या सौर महिन्यांत अधिक मास किती पडले ते त्रैराशिकाने काढा. ५,१८,४०,००० सौर मासांत १५,९३,३३६ अधिक मास, तर ६१,५१२ मध्ये किती? ६१,५१२ × १५,९३,३३६ ÷ ५,१८,४०,००० = १८९०.६११. पूर्णांक घ्यायचा, १८९०. अपूर्णांक सोडायचा, कारण तो अधिक मास अजून पुरा झालेला नाही.

चांद्रमास = ६१,५१२ + १८९० = ६३,४०२. प्रत्येकात तीस तिथी, म्हणून १९,०२,०६०. चालू महिन्यातल्या गेलेल्या तिथी यात मिळवायच्या असतात. आपण प्रतिपदेवरच आहोत, म्हणून शून्य.

आता क्षयतिथी. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते, त्यामुळे तिथींची संख्या दिवसांपेक्षा जास्त भरते. जादा भरलेल्या काढून टाकायच्या: १९,०२,०६० × २,५०,८२,२५२ ÷ १,६०,३०,००,०८० = २९,७६१.६६३. पूर्णांक २९,७६१.

अहर्गण = १९,०२,०६० − २९,७६१ = १८,७२,२९९.

बरोबर आला का? सातने भागा. बाकी उरते २. कलियुगाचा पहिला दिवस शुक्रवार. शून्य बाकी शुक्रवार, एक शनिवार, दोन रविवार. ३० मार्च २०२५ रविवारच होता. पाच हजारांवर वर्षांचे दिवस मोजून वार अचूक जुळतो, तेव्हा खरंच बरं वाटतं.

वार एकाने पुढेमागे आला तर गडबडू नका. आपण मध्यम गतीने सरासरी काढतोय आणि खरी तिथी तिच्या थोडी अलीकडे-पलीकडे असते. अशा वेळी अहर्गणात एक मिळवून किंवा वजा करून वार जुळवायचा, ही मान्य रीत आहे. पण फरक दोन-तीन वारांचा असेल तर बहुतेक अधिक मासाची चूक आहे. शके १९४८ चंच उदाहरण घ्या. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक. वैशाखासाठी गणित करताना सौर मास ६१,५२५ येतात आणि भागाकार १८९१.०१. आकडा १८९१ म्हणतो, पण अधिक मास तर वैशाख संपल्यावर येणार. तिथे १८९० च घ्यायचे, नाहीतर तीस दिवस पुढे जाल. अधिक मासाच्या आगेमागे गणित करत असाल तर पंचांगात तो कुठे आहे हे आधी पाहून घ्या.

पायरी २: तोच दिवस, नांदगावच्या रीतीने

ही पायरी गाळली तरी तिथी निघेल. पण कोकणातल्या माणसाने हे काम किती सोपं केलं ते बघायचं असेल तर गाळू नका.

रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ नांदगाव आहे. तिथले गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ (इ.स. १५२०) हा आरंभ धरून ग्रहलाघव हा करणग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या त्यावर चालली. वडील केशव दैवज्ञ हेही ज्योतिषी आणि आकाशाचे वेध घेणारे. आकडे ताजे ठेवण्याची शिस्त त्या घरातली.

रीत अशी. शकातून १४४२ वजा करा: १९४७ − १४४२ = ५०५. अकराने भागा: भागाकार ४५, बाकी १०. भागाकाराला चक्र म्हणतात. बाकीला बाराने गुणा: १२०. गेलेले महिने मिळवायचे, ते शून्य. अधिक मासासाठी १२० मध्ये चक्राची दुप्पट (९०) आणि १० मिळवून ३३ ने भागा: २२० ÷ ३३, भागाकार ६. महिने झाले १२६. तीसने गुणा: ३७८०. त्यात चक्राचा सहावा भाग, ७, मिळवा: ३७८७. चौसष्टने भागून आलेले ५९ वजा करा: ३७२८.

वार बघा. चक्राची पाचपट २२५ मिळवून ३९५३, सातने भागून बाकी ५. सोमवारपासून मोजायचं, शून्य म्हणजे सोमवार, तर पाच म्हणजे शनिवार. आपल्याला हवाय रविवार. म्हणून एक मिळवा: ३७२९. वर सांगितलेली दुरुस्ती लगेच वापरावी लागली ती अशी.

या रीतीत दहा आकडी संख्या कुठेच नाही, सगळं चार आकड्यांत. हे कसं जमलं ते उलगडून पाहण्यासारखं आहे. अकरा वर्षांत १३२ सौर महिने आणि सुमारे चार अधिक मास, एकूण १३६ चांद्रमास. १३६ × २९.५३०६ म्हणजे ४०१६.१६ दिवस. गणेश दैवज्ञांनी एक चक्र म्हणजे पूर्ण ४०१६ दिवस धरले, आणि उरलेल्या ०.१६ ची भरपाई 'चक्राचा सहावा भाग' मिळवून केली. अकरा वर्षांत अधिक मास बरोबर चार नसतात, किंचित जास्त असतात; ती भरपाई 'चक्राची दुप्पट' करते. ४०१६ ला सातने भागून पाच उरतात, म्हणून वारासाठी चक्राची पाचपट. एकही आकडा उगाच आलेला नाही. शिवाय पुढच्या ग्रहगणितातही त्यांनी ज्या, म्हणजे शाळेतला साइन, वापरायची गरज ठेवली नाही. आपण मात्र ज्या वापरणार आहोत, कारण मूळ कल्पना तिच्यातच दिसते.

पायरी ३: मध्यम सूर्य, मध्यम चंद्र, चंद्रोच्च

ही पायरी सरळ त्रैराशिकाची. अहर्गणाला भगणांनी गुणा, सावन दिवसांनी भागा. पूर्णांक म्हणजे पुऱ्या फेऱ्या, त्या सोडा. अपूर्णांकाला ३६० ने गुणलं की अंश मिळतात.

सूर्य: १८,७२,२९९ × ४३,२०,००० ÷ १,५७,७९,१७,८२८ = ५१२५.९५२४०. अपूर्णांक × ३६० = ३४२.८६, म्हणजे ३४२ अंश ५२ कला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग.

चंद्र: तसंच करून ६८,५२७.९७४८५, म्हणजे ३५० अंश ५७ कला.

चंद्रोच्च: ५७९.२८३६४, म्हणजे १०२ अंश ७ कला. पण उच्च कलियुगारंभी शून्यावर नव्हतं, तीन राशींवर, म्हणजे ९० अंशांवर होतं. ते मिळवून १९२ अंश ७ कला.

उच्च म्हणजे कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू, जिथे चंद्र सगळ्यात सावकाश चालतो. सूर्याचंही उच्च असतं, पण ते इतकं हळू सरकतं की स्थिरच धरायचं: ७७ अंश १७ कला.

कॅल्क्युलेटरमध्ये आधी गुणाकार करा, मग भागाकार. आधी भागून मिळालेला दशांश चार-पाच स्थळांवर कापलात तर अठरा लाखांनी गुणल्यावर ती चूक कित्येक फेऱ्यांची होते.

हे आकडे उज्जैनच्या मध्यरात्रीचे. आपल्या घड्याळात ती वेळ ३० मार्चला रात्री १२ वाजून २७ मिनिटांची, कारण प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि उज्जैन ७५.८ च्या आसपास.

पायरी ४: मंदफल

सगळ्यांत सुंदर पायरी हीच आहे. मध्यम सूर्य रोज एकाच गतीने चालतो असं धरलं होतं, पण खरा सूर्य तसा चालत नाही. स्वतः मोजा: २१ मार्च ते २३ सप्टेंबर १८६ दिवस भरतात, उरलेल्या अर्ध्या वर्षात १७९. वर्तुळाचा अर्धा भाग, पण वेळ वेगवेगळा. आपल्या सिद्धांतकारांनी याचं उत्तर असं दिलं: मोठ्या वर्तुळावर मध्यम ग्रह फिरतो आणि त्याच्याभोवती एका लहान वर्तुळावर खरा ग्रह असतो. मोठ्या वर्तुळाचा परीघ ३६० अंश धरला तर सूर्याच्या लहान वर्तुळाचा परीघ १४ अंश आणि चंद्राचा ३२. ग्रह उच्चापासून काटकोनाकडे सरकला तर हे दोन्ही परीघ जास्तीत जास्त २० कलांनी कमी होतात.

मध्यम आणि खऱ्या ग्रहातला हा फरक म्हणजे मंदफल. ते काढायला ज्या लागते. त्रिज्या ३४३८ कला, कारण वर्तुळाच्या २१,६०० कलांना दोन पायने भागलं की तेवढं येतं. दर २२५ कलांना एक अशा चोवीस ज्या:

२२५, ४४९, ६७१, ८९०, ११०५, १३१५, १५२०, १७१९, १९१०, २०९३, २२६७, २४३१, २५८५, २७२८, २८५९, २९७८, ३०८४, ३१७७, ३२५६, ३३२१, ३३७२, ३४०९, ३४३१, ३४३८.

हे कोष्टक वहीत एका ओळीत न लिहिता क्रमांक घालून उभा लिहा. शोधताना चूक होत नाही.

सूर्याचं मंदफल. उच्चातून मध्यम ग्रह वजा केला की मंदकेंद्र मिळतं. ७७°१७′ मधून ३४२°५२′ जात नाहीत, म्हणून ३६० मिळवा: ९४°२५′. हे दुसऱ्या पदात (९० ते १८०), म्हणून भुज म्हणजे १८० पर्यंत उरलेलं अंतर: ८५°३५′, म्हणजे ५१३५ कला. त्याला २२५ ने भागा: भागाकार २२, बाकी १८५. बाविसावी ज्या ३४०९, तेविसावी ३४३१, फरक २२. २२ × १८५ ÷ २२५ = १८. ज्या झाली ३४२७. सूर्य उच्चापासून जवळपास काटकोनात आहे, म्हणून परीघ १३°४०′ घ्या. ३४२७ × १३.६६७ ÷ ३६० = १३० कला, म्हणजे २°१०′.

चिन्ह कुठलं? केंद्र ० ते १८० मध्ये असेल (मेषादी) तर मिळवायचं, १८० ते ३६० मध्ये (तुलादी) तर वजा. इथे मिळवायचं: ३४२°५२′ + २°१०′ = ३४५°२′. हा स्पष्ट, म्हणजे खरा सूर्य.

चंद्राचं मंदफल. १९२°७′ + ३६० − ३५०°५७′ = २०१°१०′. तिसरं पद, म्हणून भुज = २०१°१०′ − १८०° = २१°१०′ = १२७० कला. २२५ ने भागून ५, बाकी १४५. पाचवी ज्या ११०५, सहावी १३१५, फरक २१०; २१० × १४५ ÷ २२५ = १३५. ज्या १२४०. परीघातून २० × १२४० ÷ ३४३८ = ७ कला कमी: ३१°५३′. फल: १२४० × ३१.८८ ÷ ३६० = ११० कला = १°५०′. केंद्र तुलादी, म्हणून वजा: ३५०°५७′ − १°५०′ = ३४९°७′. हा स्पष्ट चंद्र.

पदं आणि चिन्हं इथेच सगळ्यांची गोची होते. वहीत एक वर्तुळ काढा, चार भाग करा, प्रत्येकात भुज कसा घ्यायचा आणि अधिक की उणं ते लिहून ठेवा. मी ते पुठ्ठ्यावर चिकटवून समोर ठेवतो.

पायरी ५: तिथी आणि ती संपण्याची वेळ

चंद्रातून सूर्य वजा करा: ३४९°७′ − ३४५°२′ = ४°५′. दर बारा अंशांना एक तिथी. शून्य ते बारा, म्हणजे शुद्ध प्रतिपदा. पाडव्याची तिथी मिळाली.

ती कधी संपते? बारा अंश पुरे व्हायला ७°५५′, म्हणजे ४७५ कला उरल्यात. आता दोघांच्या त्या दिवसाच्या गती हव्यात. चंद्राची मध्यम गती दिवसाला ७९०.६ कला, पण चंद्र उच्चाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे नीचाजवळ आहे, तिथे तो जोरात पळतो. दुरुस्ती अशी: चंद्राची उच्चापासूनची गती ७८४ कला, गुणिले चालू खान्यातला ज्यांचा फरक २१०, भागिले २२५, गुणिले परीघ ३१.८८, भागिले ३६०. येतात ६५ कला. केंद्र ९० ते २७० मध्ये (कर्कादी) असताना ती मिळवायची: ८५५ कला. सूर्याला तशीच दुरुस्ती अगदी नगण्य, त्याची गती ५९ कला. गतींचा फरक ७९६.

४७५ ÷ ७९६ = ०.५९७ दिवस. साठने गुणलं की ३५ घटी ४८ पळं. तासांत १४ तास २० मिनिटं. रात्री १२:२७ मध्ये मिळवून दुपारी पावणेतीनच्या सुमारास प्रतिपदा संपते. सूर्योदयाला ती आहेच. पाडवा ३० मार्चलाच.

फरक का पडतो

आजच्या दृक्‌पंचांगांत, म्हणजे आकाशातल्या प्रत्यक्ष स्थितीशी जुळवलेल्या पंचांगांत, त्या दिवशी प्रतिपदा दुपारी पाऊणच्या सुमारास संपली होती. आपलं गणित दोन तास मागे पडलं. हा फरक तुमच्या हातून झालेला नाही, आणि तो लपवण्यासारखाही नाही.

कारणं मुख्यतः दोन. एक, चंद्राला मंदफल हा एकच संस्कार दिला. सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या गतीत आणखी मोठे चढउतार होतात. दहाव्या शतकात मुंजालाने चंद्राला दुसरा संस्कार सांगितला होता, पण पंचांगाच्या रूढ गणितात तो रुजला नाही. दोन, चंद्रोच्चाच्या भगणांत जी बारीक चूक होती ती शतकानुशतकं साठत जाऊन आज काही अंशांची झाली आहे. सूर्याच्या बाबतीत मात्र उत्तर आजच्या निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) स्थानाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. सूर्यसिद्धांताचं वर्ष ३६५ दिवस १५ घटी ३१ पळं ३१ विपळं; आधुनिक नाक्षत्र वर्षाहून साडेतीन मिनिटांनी मोठं.

जुन्या ज्योतिषांना हे ठाऊक होतं. वेध घ्यायचे आणि गणिताला बीज, म्हणजे दुरुस्ती, देऊन ते आकाशाशी जुळवायचं, ही परंपरा त्यांचीच. केरळात परमेश्वराने १४३१ मध्ये दृग्गणित मांडलं ते याच भूमिकेतून. आपल्याकडे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहून ही सगळी परंपरा तपासली, आणि व्यंकटेश बापूजी केतकरांनी आधुनिक मूल्यांवर नवं ग्रहगणित बांधलं. ग्रंथात आहे म्हणून जुनेच आकडे धरून बसणं हे गणेश दैवज्ञांच्या घराण्यालाही पटलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ६: आकाशाकडे बघा

वहीतलं गणित एकदा तरी बाहेर येऊन ताडून बघायला हवं. त्याच दिवशी सूर्यास्ताला, मध्यरात्रीनंतर सुमारे अठरा तासांनी, चंद्र सूर्याच्या किती पुढे होता ते काढा. ७९६ कला म्हणजे १३°१६′ ही दिवसाची चाल. पाऊण दिवसात दहा अंश. मध्यरात्रीचे चार अंश आणि हे दहा, चौदा अंश झाले. एवढं अंतर असलं की सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला कोर दिसायला हरकत नसते. ३० मार्च २०२५ च्या संध्याकाळी ती दिसली, आणि दुसऱ्या दिवशी देशात ईद साजरी झाली.

पुढच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवसासाठी हेच गणित आधी करून ठेवा. चौदा अंशांच्या जागी किती येतात ते वहीत लिहा, सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी पश्चिम क्षितिज मोकळं दिसेल अशा गच्चीवर किंवा माळावर उभे राहा, आणि कोर दिसली की नाही ते आकड्याच्या शेजारी नोंदवा.